चढव रे, मुकुंदा

मुकुंद बर्वेनं दार वाजवलं की ते लगेच उघडायचं नाही, असा आमच्या घरात नियमच होता. बेल होती, चांगली चिमणीसारखी किलबिलणारी बेल होती. पण तिला तो कधी हात लावायचा नाही. तो बोटांनी दार वाजवी. सुरुवात अगदी सावकाश, बाहेर कुणी संकोची पाहुणा उभा असावा तशी. मग जरा घाई. मग आणखी घाई. आणि शेवटी दोन्ही तळव्यांनी असा धुमाकूळ, की समोरच्या फ्लॅटमधल्या सिन्हाआंटी "क्या हो गया जी?" म्हणत बाहेर येत. मध्येच कुणी दार उघडलं तर त्याचं तोंड एवढंसं होई. "थांबायचं ना जरा काकू, पोचतच होतं," असं तो माझ्या आईला म्हणे. आई म्हणे, "अरे, दार आहे ते! त्याला कुठं पोचायचंय?"

'पोचणं' हा मुकुंदाचा शब्द. जगातल्या सगळ्या गोष्टी एकतर पोचत किंवा पोचत नसत. गाणं पोचे, क्रिकेटची मॅच पोचे, एखादा सिनेमा मध्यंतरापर्यंत छान येऊन पुढं पोचत नसे. "आई, आज आमटी पोचली नाही," असं म्हटल्यावर बर्वेकाकूंनी त्याच्यावर पळी उगारलेली मी स्वतः पाहिली आहे.

त्याच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षा होती. बसस्टॉपवरून आम्ही दोघं गप्पा मारत निघायचो, दुधाच्या बूथपाशी आलो की मी जवळजवळ पळत असायचो, आणि सोसायटीचं गेट येईपर्यंत तो दहा पावलं पुढं जाऊन एकटाच माझ्याशी बोलत असायचा. बोलण्याचंही तेच. गोष्ट सांगायला लागला की आधी शब्द शोधून शोधून, आणि शेवटाकडे आली की गाडी उताराला लागलेली. कळायचं काहीच नाही, पण ऐकणारा हसून हसून बेजार. अंगानं किडकिडीत, डोळ्याला जाड भिंगांचा चष्मा. ड्रम वाजवताना तो उडू नये म्हणून काकूंनी त्याला जुन्या परकराचं इलॅस्टिक लावून दिलं होतं. ड्रमच्या काड्या उशीच्या फुलाफुलांच्या अभ्र्यात असत. रॉक बँडच्या ड्रमरनं कसं दिसावं याबद्दल लोकांच्या काही कल्पना असतात. त्यांतली एकही मुकुंदाला लागू पडत नव्हती.

आमची सोसायटी मयूर विहारमधली. केंद्र सरकारात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींनी मिळून काढलेली, म्हणून जिन्यात नेहमी फोडणीचा वास आणि प्रमोशनच्या गप्पा. बर्वे आमच्या वरच्या मजल्यावर. मुकुंदाचे वडील एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी भजन असे. आम्ही साळवे, नगरकडचे ख्रिस्ती. पण माझी आई त्या भजनाला नियमानं जायची. ती म्हणायची, देवाचं देव बघून घेईल, पण पेटी काय वाजवतात बर्वे भाऊसाहेब!

त्या भजनाची एक रीत होती. अभंग सुरू व्हायचा तो अगदी संथ. काका पेटीवर, कोपऱ्यात मुकुंद ढोलकी घेऊन. सहा-सात वर्षांचा असल्यापासून तो तिथंच बसलेला मला आठवतो. दोन कडवी झाली की काका पेटीवरून मान वर न करता म्हणायचे, "चढव रे, मुकुंदा." मग लय चढायला लागायची. पुन्हा "चढव!" टाळ तापायचे, बायकांच्या बांगड्या वाजायच्या, सगळ्यांचे श्वास संपत यायचे, आणि अगदी आता काहीतरी तुटणार असं वाटेपर्यंत नेऊन मुकुंद असा काही हात मारायचा की सगळं एकदम थांबायचं. त्या शांततेत काका डोळे मिटून म्हणायचे, "पोचलं." तेव्हा हा शब्द कुठून आला ते कळलं ना? आमच्या चर्चमध्ये बरोबर याच्या उलट. गाणं जसं पुढं जाईल तशी मंडळी रेंगाळतात, आणि ऑर्गनवाला शेवटाला जाऊन आमची वाट बघत बसतो. मला लहानपणी वाटायचं, बर्व्यांचा देव धावत येतो आणि आमचा सावकाश येतो, एवढाच फरक असणार.

बँड निघाला तो कॉलेजात असताना. शेजारच्या सोसायटीतला विकी अरोरा गाणी लिहायचा आणि गायचा. हिंदीत, आमच्याच आयुष्यावर: गच्चीवर उन्हात ठेवलेली लोणची, कूलरमधलं पाणी, बाबांची बदली. आणखी दोघं होते, एक बंगाली गिटारवाला आणि एक केरळी बेसवाला. दोघंही स्वभावानं इतके गरीब की त्यांच्याविषयी सांगण्यासारखं कधी काही घडलंच नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मागच्या गेटजवळची पंपाची खोली सरावाला दिली, म्हणून बँडचं नाव 'पिछला गेट'. मी बँडमध्ये नव्हतो. माझ्याकडे व्हॅन होती. वडिलांनी ती जुनी घेतली होती, आणि दिल्लीत ड्रमचा अख्खा संच मावेल अशी गाडी ज्याच्याकडे, तो बँडचा मॅनेजर. माझी योग्यता एवढीच.

त्यांना पहिल्यांदा खऱ्या गर्दीपुढं ऐकलं ते एका कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये, फेब्रुवारीतल्या उन्हात. त्यांचं 'छत' नावाचं गाणं होतं. सुरुवात अगदी हळू, मे महिन्यातल्या दुपारसारखी सुस्त. पोरं समोसे खात इकडंतिकडं बसली होती. दुसऱ्या कडव्यानंतर मुकुंदानं मान खाली घातली आणि मला कळलं, आता हा चढवणार. गिटारवाले त्याच्यामागून निघाले. विकी गाता गाता मागं वळून त्याच्याकडे बघायला लागला. त्याला दम पुरेना, तो हसत होता आणि तसाच गात होता. पोरं उभी राहिली. शेवटी तर सगळं मैदान उड्या मारत होतं, आणि तो शेवटचा हात पडून सारं थांबलं तेव्हा एक क्षण झाडावरचे पोपट ऐकू आले. मी व्हॅनच्या टपावर बसलो होतो. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं कशाला सांगू. मुकुंद चष्मा पुसत खाली उतरला आणि म्हणाला, "पोचलं ना रे?"

त्या गर्दीत मुंबईच्या एका म्युझिक कंपनीचा माणूस होता. उन्हाळ्यात करार झाला. अख्खा अल्बम, नऊ गाणी. नाव ठरलं 'मई-जून'.

रेकॉर्डिंग गुडगावला. तेव्हा त्याला गुडगावच म्हणत. टॉवर नुकते उगवायला लागले होते आणि मधूनमधून मोहरीची शेतं. एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, तळघरात स्टुडिओ होता. तिथले मुख्य भाटियाजी, साठीचे, पांढरी दाढी, आवाज इतका मऊ की रागावले तरी आशीर्वाद दिल्यासारखं वाटावं. त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं. स्टुडिओत सगळे एकत्र वाजवत नाहीत. आधी एकटे ड्रम. ड्रमरच्या कानात हेडफोन, हेडफोनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका गतीनं चालणारी टिकटिक, तिला म्हणायचं क्लिक. त्या टिकटिकीवर ड्रम बसले की त्यांच्यावर बेस, मग गिटार, मग गाणं, असं मजल्यावर मजला चढवत जायचं. मुकुंद काचेपलीकडे बसला, इलॅस्टिक सारखं केलं, आणि अंगठा दाखवला.

वाजवून झाल्यावर भाटियाजी माइकवरून म्हणाले, "बेटा, बहुत बढ़िया. एक बार और."

मग पुन्हा "बहुत बढ़िया. एक बार और." दुपार अशीच गेली. दुसरा दिवसही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुकुंदाला आत बोलावून कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवलं. क्लिकच्या रेघा एकासारख्या एक उभ्या होत्या, शाळेच्या कंपाउंडच्या गजांसारख्या. त्यांच्यावर मुकुंदाचे ठोके. सुरुवातीला रेघेवर रेघ. मग जरासं अंतर. मग जास्त. शेवटी तर ठोके रेघांना सोडून कुठल्या कुठं गेलेले.

मुकुंदानं शेवटच्या रेघांवर बोट ठेवलं. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पर सर, गाना वहाँ पहुँचकर ऐसे ही जाता है ना?"

"जाता है बेटा," भाटियाजी म्हणाले. "बिल्कुल जाता है. पर मशीन नहीं जाती."

विकीनं हातापाया पडून सांगितलं की आम्हाला एकदम वाजवू द्या, क्लिकशिवाय, जसं आम्ही वाजवतो तसं. भाटियाजींचीही ना नव्हती. पण कंपनीचा माणूस म्हणाला, गाण्यांवर नंतर मुंबईत व्हायोलिनं चढायची आहेत, कडवी इकडची तिकडे कापून जोडायची आहेत. क्लिक नसेल तर कात्री कुठं लावणार? तोही काही दुष्ट नव्हता. या सगळ्या प्रकरणात मला एक दुष्ट माणूस सापडला असता तर फार बरं झालं असतं.

मुकुंदाला एकच गोष्ट हवी होती: त्या अल्बमवर आपला हात असावा. गाणी विकीची, चाली विकीच्या, पण वाजेल तो आपला हात. त्यानं दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. दरियागंजमधून टिकटिक करणारी एक डबी आणली आणि सकाळपासून तिच्यासमोर बसायला लागला. उशीवर काड्या मारायच्या, डबीकडे बघायचं. चूक कळत असती तर सुधारली असती; त्याला ती ऐकूच यायची नाही. आपण डबीबरोबर आहोत असंच त्याला वाटत राहायचं, आणि मग एकदम डबी भलतीकडेच वाजायला लागायची.

एका रविवारी मी वर गेलो तर काका डबीपुढं बसलेले. "आण इकडे," म्हणत होते. "त्यात काय एवढं? तालाचं अंग आहे आपलं." त्यांनी डबी पेटीवर ठेवली, टिकटिक सुरू केली आणि अभंग धरला. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्यात काका जरा पुढं. तिसऱ्यात त्यांची मान हलायला लागली आणि डबी बिचारी मागून ओरडत राहिली. काका थांबले. डबी उचलून कानाशी धरली.

"सेल संपलेत का रे हिचे? मागं पडतेय."

मी फसकन हसलो. मग मुकुंदाचं तोंड बघून गप्प बसलो. काकू खरोखरच खाली जाऊन नवे सेल घेऊन आल्या. काकांनी पुन्हा अभंग धरला आणि पुन्हा डबी मागं पडली. या वेळी त्यांनी ती कानाशी नेली नाही. ती बंद केली आणि पेटीचा भाता बंद केला. मग मुकुंदाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाकासारखं हेही माझंच आलंय रे तुझ्याकडे."

"असू दे बाबा," मुकुंद म्हणाला. "जमेल."

नाही जमलं. मुदत संपली तशी कंपनीनं मुंबईहून रॉनी नावाचा ड्रमर पाठवला. त्या धंद्यात हे नेहमीचंच असतं, असं मला नंतर कळलं. कितीतरी बँडच्या अल्बमवर भलतेच हात वाजत असतात. असा माणूस येतो, वाजवतो, आपले पैसे घेऊन जातो. त्याचं नाव कुठं छापत नाहीत. नाव बँडच्या माणसाचंच राहतं. विकीनं हे मुकुंदाला सांगितलं तेव्हा तो सांगता सांगता रडायला लागला आणि मुकुंदच त्याची समजूत घालत बसला.

आणि मग मुकुंदानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तो स्टुडिओत रॉनीशेजारी बसला आणि त्यानं नऊच्या नऊ गाणी त्याला शिकवली. कुठल्या शब्दाला झांज, कुठं हात मोकळा सोडायचा, कुठं नुसता पाय. सगळं बोलून, मांडीवर वाजवून. रॉनी चांगला माणूस होता. म्हणाला, "भाई, ये सब मेरे को नहीं सूझता था." 'छत' शिकवताना दुसरं कडवं संपलं आणि मुकुंदाचा हात आपोआप वर जायला लागला. "यहाँ से ना, थोड़ा..." आणि थांबला. हात मांडीवर परत ठेवला. "नहीं, कुछ नहीं. यहाँ से सीधा ही जाना."

रॉनीनं पहिल्याच झटक्यात वाजवलं. रेघेवर रेघ. भाटियाजी "बहुत बढ़िया" एवढंच म्हणाले, पुढचं म्हणाले नाहीत.

ड्रम स्टुडिओतच राहिले, कारण रॉनीला बाकीची गाणी त्यांच्यावरच वाजवायची होती. आम्ही दोघं रिकामी व्हॅन घेऊन परत निघालो. मुकुंदाच्या मांडीवर काड्यांचा अभ्रा. एरवी त्याची बोटं डॅशबोर्डवर, खिडकीवर, माझ्या खांद्यावर सतत चाललेली असायची. त्या दिवशी गुडगावपासून मयूर विहारपर्यंत ती हललीसुद्धा नाहीत. निजामुद्दीनच्या पुलावर त्यानं विचारलं, "विजू, मी खरंच पुढं जातो का रे? मला ऐकू कसं येत नाही?"

मला तर नेहमी त्याचंच बरोबर वाटत आलं होतं. मी म्हटलं, "मला काय कळतंय यार, मी गाडी चालवतो."

'मई-जून' आला आणि चालला. असा चालला की विचारू नका. पानाच्या टपऱ्यांवर 'छत', बसमध्ये 'छत', लग्नाच्या बँडवाल्यांच्या ट्रम्पेटवर 'छत'. सुरुवातीचे ते ड्रमचे ठोके सोसायटीतली पोरं डब्यांवर वाजवत शाळेत जायची. सीडीच्या आत बारीक अक्षरांत छापलेलं होतं: ड्रम्स, मुकुंद बर्वे. सिन्हाआंटींनी जिन्यात त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मार्केटमधला केमिस्ट म्हणाला, "क्या बजाया है यार तूने!" मुकुंद म्हणे, "थँक्यू जी." दुसरं काय म्हणणार? खरं सांगितलं तर विकीचं नाक कापलं जाणार, बँड बुडणार. सांगायचं नाही असं कुणी कुणाला बजावलं नव्हतं, पण आम्ही सगळे गप्प होतो. घरीसुद्धा त्यानं सांगितलं नव्हतं.

काकांनी मंडळींना मुद्दाम बोलावलं. गुरुवारच होता. भजनाआधी मुलाची सीडी ऐकवायची होती. काकूंनी साटोऱ्या केल्या होत्या. सीडी प्लेअरशेजारी काका ताठ बसले, एक हात मांडीवर ताल धरून. 'छत' सुरू झालं. मंडळी माना डोलवत होती. माझी आई तर डोळे पुसत होती. दुसरं कडवं संपलं. मी काकांच्या हाताकडे बघत होतो, कारण मला दुसरीकडे कुठं बघायचा धीर होत नव्हता. काकांचा हात निघाला. चढायला लागला. पण गाणं निघालं नाही. ते आपलं त्याच गतीनं, सरळ, नीटनेटकं चाललं होतं. हात जरा गोंधळला, परत आला, पुन्हा निघाला. मग मांडीवर थांबला.

काकांनी मुलाकडे पाहिलं. मुकुंद जमिनीकडे बघत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी "बर्वे, पेढे काढा" म्हणालं. काका हसले. म्हणाले, "चांगलं झालंय." आणि पेटी पुढं ओढली. त्या संध्याकाळी त्यांनी एकदाही "चढव" म्हटलं नाही. मुकुंद आपणहूनच चढवत गेला, नेहमीपेक्षा जास्त, घामाघूम होऊन, आणि शेवटी थांबला तेव्हा काकांनी "पोचलं" म्हटलं ते इतक्या हळू की मला फक्त ओठ दिसले.

पुढचं थोडक्यात सांगतो, सांगवत नाही म्हणून. गाणी गाजल्यावर कार्यक्रम मोठे झाले आणि लोकांना गाणं सीडीवर आहे तसंच हवं होतं. व्हायोलिनं काही व्हॅनमध्ये नेता येत नाहीत. ती रेकॉर्ड केलेली सोडायची, आणि ड्रमरनं कानात क्लिक घेऊन त्यांच्याबरोबर वाजवायचं. नोएडाच्या एका मैदानावर संध्याकाळी हजारोंच्या गर्दीपुढं 'छत' चाललं असताना व्हायोलिनं एकीकडे राहिली आणि मुकुंद एकीकडे गेला. ज्या वाजवण्यावर कधीकाळी मैदान उड्या मारत होतं, नेमकं तेच तो वाजवत होता. पण आता लोकांना गाणं पाठ होतं. शिट्ट्या झाल्या. कुणीतरी ओरडलं, "अबे, ड्रमर को क्या हुआ?" विकी मागं वळून बघत होता, पूर्वीसारखाच. या वेळी तो हसत नव्हता.

नंतर विकी आला तो मुकुंदाकडे गेलाच नाही; स्वयंपाकघरात काकूंपाशी जाऊन उभा राहिला. आता दुसरा ड्रमर घ्यायचं ठरलंय, हे सांगायला आला होता. काकूंनी त्याला पाटावर बसवलं, थालीपीठ वाढलं, वर लोणी घातलं. "खा रे बाबा," म्हणाल्या. "तुझा तरी काय दोष?" तो रडत रडत दोन थालीपिठं खाऊन गेला. बँडमध्ये दुसरा ड्रमर आला. मुकुंदानं गुडगावच्या एका कंपनीत नोकरी धरली, लग्न केलं, द्वारकेला फ्लॅट घेतला. आमच्या बिल्डिंगमधल्या दारांना आता बेल असण्याचा उपयोग व्हायला लागला.

मध्ये बरीच वर्षं गेली. मेट्रो आली. एकदा मयूर विहारहून चढलो तर समोर मुकुंद, आईवडिलांना भेटून घरी निघालेला. केस विरळ झालेले, चष्मा तसाच. कानात इअरफोन घालून डोळे मिटून बसला होता. मला वाटलं जुनी गाणी ऐकत असणार. त्याला हलवलं, म्हटलं, "काय ऐकतोयस रे?"

त्यानं एक इअरफोन काढून माझ्या कानात घातला. टिक, टिक, टिक, टिक. बाकी काही नाही.

"अजून?" मी विचारलं.

"अब हो जाता है, यार," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. "खरंच होतं. अख्खं गाणं. एकदाही सुटत नाही." मांडीवर त्यानं दोन बोटांनी वाजवून दाखवलं, राजीव चौकापासून करोलबागेपर्यंत. गाडी सुटत होती, थांबत होती, लोक चढत होते, उतरत होते, आणि त्याची बोटं जराही इकडंतिकडं होत नव्हती. मी म्हटलं, "वा!" कशासाठी रे बाबा आता, असं विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही. मलाही द्वारकेलाच काम होतं; तिथं उतरल्यावर आम्ही दोघं बाहेरपर्यंत शेजारी शेजारी चालत गेलो. मला कुठंही पळावं लागलं नाही. ते माझ्या लक्षात आलं घरी गेल्यावर.

त्याला मी शेवटचं पाहिलं ते सोसायटीच्या गणपतीत. त्यानंतर लवकरच त्याची बदली बंगलोरला झाली आणि तो तिकडचाच झाला. त्या वर्षी काकांना झटका येऊन गेला होता. उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळजवळ बंद. पण आरतीला खाली न्याच, असं त्यांनी खुणेनं सांगितलं, म्हणून मी आणि मुकुंदानं त्यांना खुर्चीसकट उचलून मांडवात आणलं. काकांनी डाव्या हातानं ढोलकीकडे बोट दाखवलं. मुकुंदानं ती गळ्यात घातली. इतक्या वर्षांनी बर्व्यांचा मुलगा आरतीला वाजवणार म्हणून जुनी मंडळी पुढं सरकली. पोरांनी झांजा सरसावल्या. माझी आईही काठी टेकत उभी होती.

आरती सुरू झाली, संथ, नेहमीसारखी. दोन कडवी झाली. मंडळींचे आवाज सवयीनं पुढं रेटायला लागले, झांजा उतावळ्या झाल्या. काकांनी ओठ हलवले. आवाज आला नाही, पण काय म्हणाले ते मांडवातल्या प्रत्येक जुन्या माणसाला कळलं. मुकुंदालाही कळलं. त्यानं मान हलवली, दात आवळले, ढोलकीवर वाकला. मी वाट पाहिली. आम्ही सगळ्यांनीच पाहिली. हात तसाच चालत राहिला. तेवढाच, तेवढाच, तेवढाच. झांजा बिचकून परत त्याच्याशी येऊन जुळल्या, माणसंही जुळली. मुकुंदाच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं वडिलांकडे पाहिलं आणि वाजवता वाजवताच म्हणाला, "होत नाहीये बाबा."

आरती जशी सुरू झाली तशीच संपली. एक ठोका इकडं नाही की तिकडं नाही. मागून कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "वाह भाई! बिल्कुल सीडी जैसा!" लोक प्रसादाला वळले.

मी काकांच्या खुर्चीपाशी होतो. त्यांचा डावा हात आरतीभर खुर्चीच्या दांड्यावर ताल धरत होता, तो मी पाहिला होता. दुसऱ्या कडव्यानंतर तो एकटाच निघाला होता, चढत गेला होता, आणि आमचं शेवटचं कडवं अजून चालू असताना पोचलासुद्धा होता. तिथं तो हात उघडा, तळवा वर करून, थांबून राहिला होता, मुकुंद मागून येईल म्हणून.